एजंटला टूल कोण समजावून सांगणार?

‘लासलगावला काल कांदा काय भावानं गेला?’ असं एखाद्या भाषा-मॉडेलला विचारलं, तर त्याच्यापुढे दोन वाटा असतात. शिकताना वाचलेल्या जुन्या मजकुरावरून अंदाज बांधायचा, किंवा कुठून तरी कालची नोंद मागवून घ्यायची. पहिल्या वाटेनं आलेलं उत्तर वाचायला ठीक वाटेल, पण त्याच्या भरवशावर कोणी ट्रॅक्टर भरून बाजारात नेऊ नये. दुसऱ्या वाटेनं जायचं तर मॉडेलच्या हाती एखादं साधन द्यावं लागतं: भावांच्या नोंदी शोधणारं, हिशेब करणारं, संदेश पाठवणारं. अशा साधनाला ‘टूल’ म्हणतात. कोणतं टूल केव्हा वापरायचं हे स्वतः ठरवत, एकेक पायरी पुढे जात काम पुरं करणारी प्रणाली म्हणजे ‘एजंट’.

टूल तयार करणं हे प्रोग्रामरचं काम आहे. पण ते कशासाठी आहे, केव्हा वापरायचं, केव्हा वापरायचं नाही, त्यात काय भरायचं आणि त्यातून काय बाहेर येतं, हे मॉडेलला शब्दांत सांगावं लागतं. त्या मजकुराला टूलचं वर्णन म्हणतात. तो बहुतेक वेळा घाईत लिहिला जातो. सगळं बांधून झालं, आता एक ओळ टाकून द्या, अशा थाटात. एजंटनं चुकीचं उत्तर दिलं की आपण मॉडेलला बोल लावतो. पण पुष्कळदा चूक त्या एका ओळीत असते. ही ओळ नीट लिहायची असेल, तर प्रोग्रामिंगइतकीच, किंबहुना जास्त, त्या व्यवहाराची जाण लागते. या लेखात मांडायचं आहे ते हेच.

मॉडेलला काय दिसतं?

भाषा-मॉडेल स्वतः काही चालवत नाही. ते मजकूर वाचतं आणि मजकूर लिहितं. त्याला टूल दिलं म्हणजे प्रत्यक्षात इतकंच होतं: संभाषणाआधी त्याच्या वाचनात टूलांची एक यादी घातली जाते. यादीत प्रत्येक टूलचं नाव असतं, वर्णन असतं आणि भरायच्या रकान्यांचा आराखडा असतो. कोणता रकाना, त्यात आकडा हवा की मजकूर, तो भरणं सक्तीचं की ऐच्छिक, हे त्या आराखड्यात लिहिलेलं असतं. या रकान्यांना पॅरामीटर म्हणतात. प्रश्न आला की मॉडेल यादीकडे पाहतं आणि गरज वाटली तर ‘अमुक टूल, अमुक माहिती भरून चालवा’ अशा अर्थाचा ठरलेल्या साच्यातला मजकूर लिहितं. बाहेरचा प्रोग्राम तो ओळखतो, टूल चालवतो आणि आलेला निकाल पुन्हा मजकूर म्हणून मॉडेलपुढे ठेवतो. तो वाचून मॉडेल पुढचं पाऊल ठरवतं.

टूलच्या आतला कोड मॉडेलला दिसत नाही. मागे कोणता डेटाबेस आहे, त्यात कोणते रकाने रिकामे राहतात, कोणत्या दिवशी नोंदी उशिरा येतात, हे प्रोग्रामरला ठाऊक असतं. मॉडेलपर्यंत त्यातलं तेवढंच पोचतं, जेवढं कोणी लिहून ठेवलेलं असतं.

ही पद्धत फार जुनी नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठ आणि गूगलच्या संशोधकांनी ‘रिअ‍ॅक्ट’ नावाचा शोधनिबंध मांडला. त्यात मॉडेलनं थोडा विचार लिहायचा, मग एक कृती करायची, तिचा निकाल वाचायचा आणि पुन्हा विचार लिहायचा, असा क्रम होता. विकिपीडियावरून उत्तर शोधण्याच्या त्यांच्या प्रयोगात कृती तीनच होत्या: लेख शोधा, लेखात शब्द शोधा, उत्तर देऊन थांबा. फेब्रुवारी २०२३ मध्ये मेटाच्या संशोधकांनी ‘टूलफॉर्मर’मधून दाखवलं, की गणकयंत्र, दिनदर्शिका, शोधयंत्र अशी साधनं केव्हा वापरावीत हे मॉडेल शिकू शकतं. जून २०२३ मध्ये ओपनएआयनं मॉडेलला अशी टूल जोडण्याची ‘फंक्शन कॉलिंग’ ही सोय विकासकांसाठी खुली केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीनं ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’, म्हणजे एमसीपी, जाहीर केला. एकानं बांधलेलं टूल दुसऱ्याच्या एजंटला जोडता यावं, यासाठीची ही सामायिक पद्धत. तिच्यामुळे वर्णनाचं महत्त्व आणखी वाढलं. आता टूल लिहिणारा आणि ते वापरणारा एजंट यांची कधी गाठच पडत नाही. दोघांमध्ये उरतो तो फक्त लिहिलेला मजकूर.

‘बाजारभाव देते’: एवढ्यानं काय बिघडतं?

आता कांद्याच्या प्रश्नाकडे वळू. शेतमालाच्या भावाच्या नोंदी आपल्याकडे खुल्या आहेत. केंद्र सरकारच्या ‘अ‍ॅगमार्कनेट’ या व्यवस्थेत देशभरातल्या बाजारपेठांचे दैनंदिन भाव जमा होतात. पुण्यात मुख्यालय असलेलं महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळही राज्यातल्या बाजार समित्यांचे भाव रोज प्रसिद्ध करतं. या नोंदींवर एक टूल बांधायचं आहे, आणि त्याचं वर्णन कोणी असं लिहिलं आहे असं समजा: ‘बाजारभाव देते.’ पॅरामीटर तीन: बाजार, माल, तारीख. कोड अगदी निर्दोष आहे, असंही धरून चालू.

पहिली अडचण बाजाराच्या नावाची. नोंदींमध्ये ‘लासलगाव’ एक नाही. लासलगाव आहे, लासलगाव-निफाड आहे आणि लासलगाव-विंचूरही आहे. निफाड आणि विंचूर हे लासलगाव बाजार समितीचे उपबाजार, आणि त्यांचे भाव वेगळे नोंदले जातात. पुण्याचीही हीच गत: पुणे, खडकी, मांजरी, मोशी, पिंपरी अशा वेगवेगळ्या नोंदी असतात. निफाड तालुक्यातल्या शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. मॉडेलला सांगावं लागतं, नाही तर ते समोर दिसलेलं पहिलं नाव उचलतं आणि तितक्याच खात्रीनं उत्तर देतं.

दुसरी अडचण मालाच्या नावाची. अ‍ॅगमार्कनेटच्या यादीत तूर ‘अरहर’ या नावाखाली येते, आणि तिथे अख्खी तूर व तूरडाळ या दोन स्वतंत्र नोंदी असतात. लातूरचा शेतकरी ‘तुरीचा भाव’ विचारतो तेव्हा त्याला अख्ख्या तुरीचा भाव हवा असतो. पुण्यातलं गिऱ्हाईक तोच शब्द वापरून डाळीबद्दल विचारत असतं. दोन्ही भावांत बरंच अंतर असतं. कांद्यातही लाल आणि उन्हाळी यांचे दर वेगळे लागतात. हंगामाच्या सांध्यावर दोन्ही एकाच दिवशी बाजारात असतात, तेव्हा ‘कांद्याचा भाव’ या प्रश्नाला एक उत्तर नसतंच.

तिसरी अडचण परिमाणाची, आणि हीच सगळ्यांत धोक्याची आहे. घाऊक भाव बहुतेक करून क्विंटलचा, म्हणजे शंभर किलोचा असतो. पण कोथिंबीर-मेथीसारख्या पालेभाज्यांची नोंद अनेक ठिकाणी नगावर होते. पुण्याच्या मार्केट यार्डातले जे भाव वर्तमानपत्रांत छापून येतात, त्यांत फळभाज्यांचे दर दहा किलोचे आणि पालेभाज्यांचे शेकडा जुडीचे असतात. मॉडेलला फक्त ‘भाव: १२००’ एवढाच आकडा परत मिळाला, तर तो क्विंटलचा, दहा किलोचा की शंभर जुड्यांचा, हे ते कुठून ओळखणार? बहुधा ते शंभरानं भागून किलोचा भाव सांगून मोकळं होईल.

चौथी अडचण ‘भाव’ याच शब्दाच्या पोटातली. बाजार समितीच्या तक्त्यात तीन दर असतात: कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण. सर्वसाधारण दर म्हणजे किमान आणि कमाल यांची सरासरी नाही. त्या दिवशी जास्तीत जास्त व्यवहार ज्या दराच्या आसपास झाले, तो हा दर. एखाद्याच निवडक मालाला चढा भाव मिळाला तरी जास्तीत जास्त दराचा आकडा वर जातो. एजंटनं तोच ‘आजचा भाव’ म्हणून सांगितला, तर शेतकऱ्याच्या मनात भलतीच अपेक्षा तयार होते.

पाचवी अडचण तारखेची. ०५/०६ म्हणजे आपल्याकडे पाच जून, अमेरिकेत सहा मे. मॉडेलनं दोन्ही पद्धतींचा मजकूर भरपूर वाचलेला असतो. त्यात विचारणारा ‘परवा’ म्हणाला, तर तो मागचा परवा की पुढचा, हे वाक्याच्या क्रियापदावरून ठरतं. आजची तारीखही मॉडेलला आपोआप कळत नाही. ती कोणी तरी पुरवावी लागते.

आणि शेवटची, पण सहज नजरेतून सुटणारी अडचण रिकाम्या उत्तराची. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रानं कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं, आणि नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांमधले कांद्याचे लिलाव बंद पडले. अशा दिवसाची नोंद मागितली तर टूल रिकामी यादी परत करतं. रिकाम्या यादीचा अर्थ बाजार बंद होता असा असू शकतो, आवक नव्हती असा असू शकतो, नोंद अजून चढलेली नाही किंवा मालाचं नावच चुकलं, असाही असू शकतो. यातला कोणता अर्थ कधी घ्यायचा हे लिहिलेलं नसेल, तर मॉडेल त्यातला एक स्वतःच निवडतं.

या सहाही अडचणींत प्रोग्रामिंगची चूक कुठेच नाही. टूल सांगितलेलं काम चोख करतं. उणीव आहे ती बाजाराच्या माहितीची, आणि ती माहिती मॉडेलला मिळण्याचा मार्ग एकच: वर्णन.

तेच वर्णन, पुन्हा लिहिलेलं

बाजार समितीत आज पहिल्यांदाच पाऊल ठेवणाऱ्या एखाद्या हुशार, पण परगावच्या माणसाला आपण तक्ता कसा वाचायचा ते समजावून सांगू, तसं हे वर्णन लिहून पाहू:

‘एका बाजारपेठेतल्या एका शेतमालाचे, एका दिवसाचे नोंदवलेले घाऊक दर देते. झालेल्या व्यवहारांचा भाव विचारला असेल तेव्हा वापरा. किरकोळ दुकानातला भाव, सरकारी हमीभाव किंवा पुढच्या दिवसांचा अंदाज यांसाठी वापरू नका. ती माहिती इथे नाही.

बाजार: बाजारपेठेचा संकेतांक. नावावरून अंदाज करू नका. आधी “बाजार_शोधा” हे टूल वापरा. एकाहून अधिक बाजारपेठा सापडल्या, तर कोणती हवी ते विचारणाऱ्यालाच विचारा.

माल: यादीतलाच शब्द द्या. अख्खी तूर आणि तूरडाळ वेगवेगळे आहेत. शेतकरी विकायचा भाव विचारत असेल तर अख्खी तूर घ्या.

तारीख: वर्ष-महिना-दिवस या क्रमानं, जसं २०२५-०६-०५.

परत काय येतं: जातीनुसार एकेक ओळ, प्रत्येकीत कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण दर रुपयांत, आवक आणि परिमाण (क्विंटल किंवा नग). एकच भाव सांगायचा असेल तर सर्वसाधारण दर सांगा, आणि परिमाण नेहमी सोबत सांगा.

नोंद नसेल तर यादी रिकामी येते. तिचा अर्थ भाव शून्य असा होत नाही. बाजार बंद असू शकतो किंवा नोंद चढायची असू शकते. त्या दिवशीची नोंद मिळाली नाही एवढंच सांगा आणि आधीच्या दिवसाची पाहू का, असं विचारा.’

एका ओळीच्या जागी हा भलामोठा मजकूर झाला. पण यातली जवळपास कोणतीही ओळ काढून पाहा, वरच्या सहापैकी एखादी चूक परत येते. अँथ्रॉपिकच्या विकासकांसाठीच्या मार्गदर्शनात प्रत्येक टूलसाठी निदान तीन-चार वाक्यं लिहा, टूल गुंतागुंतीचं असेल तर आणखी, अशी शिफारस आहे. तपशीलवार वर्णन हा टूलच्या यशातला सर्वांत मोठा घटक आहे, असंही तिथे स्पष्ट म्हटलं आहे.

या मजकुरात सगळ्यांत जास्त उपयोगाचं वाक्य ‘यासाठी वापरू नका’ हे आहे. लिहिणाऱ्याला आपलं टूल काय करतं ते ठाऊक असतं, म्हणून तो तेवढंच लिहितो. मॉडेलपुढे मात्र प्रश्न निवडीचा असतो: हाती आहेत त्या टूलांपैकी कोणतं, की कोणतंच नाही? हमीभाव विचारला असताना, भाव या शब्दाच्या जवळ जाणारं एकच टूल हाती असेल, तर मॉडेल तेच चालवेल. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात २०२४ मध्ये सुरू झालेल्या फंक्शन कॉलिंगच्या क्रमवारीत म्हणूनच एक वेगळी कसोटी ठेवलेली आहे: दिलेल्या टूलांपैकी एकही लागू नसताना मॉडेल टूल न चालवता थांबतं का? टूलची सीमा लिहिलेली असली की ही कसोटी सोपी होते.

शब्दांआधी रचना

काही चुका मात्र कितीही लिहिलं तरी थांबत नाहीत. तिथे टूलची घडणच बदलावी लागते. जपानमध्ये टोयोटासाठी काम केलेले अभियंते शिगेओ शिंगो यांनी १९६० च्या दशकात ‘पोका-योके’ हा विचार रुजवला: माणसाला सावध राहा म्हणून बजावण्यापेक्षा चूक करताच येणार नाही अशी रचना करा. टूलच्या बाबतीत हा विचार तंतोतंत लागू पडतो.

याचं एक नोंदलेलं उदाहरण अँथ्रॉपिकनं डिसेंबर २०२४ मध्ये दिलं आहे. संगणकातल्या फायलींमध्ये दुरुस्ती करणारा त्यांचा एक एजंट एका फोल्डरमधून दुसऱ्यात गेला, की फाइलचा पत्ता चुकवायचा. पत्ता आपण उभे आहोत तिथून सांगायचा की अगदी मुळापासून, यात त्याचा गोंधळ उडायचा. त्यांनी टूल असं बदललं, की दर वेळी मुळापासूनचा पूर्ण पत्ताच द्यावा लागेल. चूक थांबली. या एजंटसाठी मूळ सूचनांपेक्षा टूल सुधारण्यातच आपला जास्त वेळ गेला, असंही त्यांनी लिहिलं आहे.

प्रिन्स्टनच्या संशोधकांनी २०२४ मध्ये ‘एसडब्ल्यूई-एजंट’ तयार केला तेव्हा त्यांनाही हेच दिसलं. त्यांची कसोटी होती गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरच्या १२ पायथन प्रकल्पांतून जमवलेल्या २,२९४ खऱ्याखुऱ्या अडचणी सोडवण्याची. फाइल दाखवणारं टूल एका वेळी शंभर ओळी दाखवत होतं, तेव्हा एजंट अधिक चांगलं काम करत होता. अख्खी फाइल एकदम पुढ्यात टाकली की कामगिरी घसरत होती, आणि तीसच ओळी दाखवल्या तरीही घसरत होती. शोधाचे निकाल पन्नासाहून जास्त आले तर टूल ते सगळे ओतत नसे. शोध अधिक नेमका करा, असं सांगे. माणसासाठी पडदा कसा असावा याचा जसा अभ्यास होतो, तसाच एजंटसाठी टूल कसं असावं याचाही व्हायला हवा, ही मांडणी त्यांनीच ठळकपणे केली.

आपल्याकडचं एक उदाहरण पैशांचं आहे. रेझरपे या भारतीय पेमेंट कंपनीच्या एपीआयमध्ये, म्हणजे इतर प्रोग्रामना तिची सेवा वापरू देणाऱ्या सोयीत, रक्कम पैशांत द्यावी लागते. ५०० रुपयांसाठी ५०००० असा आकडा भरायचा. प्रोग्रामर हे कागदपत्रांत एकदा वाचतो आणि लक्षात ठेवतो. मॉडेलच्या हाती मात्र अशा सेवेवर बेतलेलं टूल देताना पॅरामीटरचं नाव नुसतं ‘रक्कम’ ठेवणं म्हणजे शंभरपट चुकीला आमंत्रण. ‘रक्कम_पैशांत’ असं नाव दिलं, की लिहिणाऱ्यानं वर्णन अर्धंमुर्धं ठेवलं तरी नावच आठवण करून देतं. नाव हे सगळ्यांत छोटं वर्णन असतं. म्हणून ‘बाजार’पेक्षा ‘बाजार_संकेतांक’ चांगलं, आणि मोकळ्या रकान्यापेक्षा ठरावीक पर्यायांची यादी चांगली.

चूक झाल्यावर टूलकडून येणारा संदेश हाही वर्णनाचाच भाग आहे, पण तसं कोणी मानत नाही. ‘चूक ४००’ एवढंच परत आलं, तर मॉडेल तीच चूक दोन-तीनदा करेल किंवा उत्तर मनानं रचेल. त्याऐवजी ‘लासलगाव या नावाच्या तीन बाजारपेठा आहेत: लासलगाव, लासलगाव-निफाड, लासलगाव-विंचूर. यांपैकी एकीचा संकेतांक द्या’ असा संदेश आला, तर पुढचं पाऊल आपोआप सरळ पडतं. माणसाला वर्णन आधी वाचून ठेवायची सवय असते. मॉडेलला मात्र सर्वांत नेमकी सूचना तीच, जी ऐन अडचणीच्या क्षणी समोर येते.

किती टूल, किती शब्द?

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग प्रत्येक टूलसाठी दोन पानं लिहू या. पण त्याचीही किंमत मोजावी लागते. टूलांची यादी दर वेळी मॉडेलच्या वाचनात जाते, आणि वाचनाचा हिशेब टोकनांत होतो. टोकन म्हणजे शब्दाचा लहानसा तुकडा. पाच सेवांची मिळून ५८ टूल जोडली, तर एकही प्रश्न विचारण्याआधी सुमारे ५५ हजार टोकन खर्च होतात, असं उदाहरण अँथ्रॉपिकनं २०२५ मध्ये दिलं होतं. खर्चाहून मोठी अडचण गोंधळाची आहे. ‘भाव_मिळवा’, ‘दर_शोधा’, ‘बाजार_माहिती’ अशी एकमेकांवर चढलेली टूल समोर असली, की बारकाईनं वाचणारा माणूसही चाचरेल.

म्हणून आधी टूल कमी करावीत, मग उरलेल्यांवर शब्द खर्च करावेत. बैठक ठरवायची असेल तर माणसांची यादी, त्यांच्या वेळांची यादी आणि नोंद करणं अशी तीन टूल देण्यापेक्षा, मोकळी वेळ शोधून बैठक ठरवणारं एकच टूल बरं. ज्या कामाची माणूस एका वाक्यात मागणी करतो, ते काम शक्यतो एका टूलमध्ये बसावं. वर्णनातही लांबीपेक्षा नेमकेपणा बघावा. टूल आतून कोणती प्रणाली वापरतं, ते कधी बांधलं, किती वेगवान आहे, हे मॉडेलच्या निर्णयाला लागत नाही. ते खुशाल गाळावं. परिमाण मात्र कधीही गाळू नये.

मराठीसाठी काम करणाऱ्यांपुढे आणखी एक प्रश्न येतो: वर्णन कोणत्या भाषेत लिहायचं? मोठी मॉडेलं मराठी वाचतात. पण बहुतेक मॉडेलांत देवनागरी मजकुराला तेवढ्याच इंग्रजी मजकुरापेक्षा जास्त टोकन लागतात. त्यामुळे अनेक ठिकाणी सांगाडा इंग्रजीत ठेवतात. त्याला हरकत नाही. हरकत आहे ती व्यवहाराचे शब्दही इंग्रजीत ढकलण्याला. विचारणारा ‘उन्हाळ कांदा’ म्हणणार, ‘भुसार’ म्हणणार, ‘शेकडा जुडी’ म्हणणार. हे शब्द, त्यांचे पर्याय आणि नोंदीतली त्यांची नावं वर्णनात किंवा त्याला जोडलेल्या यादीत मराठीत असायलाच हवीत. नाही तर प्रश्न एका भाषेत आणि नोंद दुसऱ्या भाषेत, आणि मधला सांधा मॉडेलच्या अंदाजावर, अशी स्थिती होते.

वर्णन म्हणजे कुलूप नव्हे

वर्णनाच्या ताकदीइतकीच त्याची मर्यादाही समजून घ्यायला हवी. ‘दहा हजारांपेक्षा जास्त रक्कम पाठवू नका’ असं वर्णनात लिहिलं, तर मॉडेल ते बहुतेक वेळा पाळेल. पैशांच्या व्यवहारात ‘बहुतेक वेळा’ पुरत नाही. अशी मर्यादा कोडमध्येच असली पाहिजे, आणि परत न घेता येणाऱ्या कृतीआधी माणसाची संमती घेतली पाहिजे. एमसीपीमध्ये ‘हे टूल फक्त वाचतं’, ‘हे टूल काही नष्ट करू शकतं’ अशा खुणा लावायची सोय आहे. पण खूण लावणाऱ्या सर्व्हरवर विश्वास नसेल तर खुणेवरही विसंबू नये, असं त्याच नियमावलीत बजावलं आहे.

याचं कारण असं, की वर्णन हा मॉडेलच्या वाचनात शिरणारा मजकूर आहे, आणि मजकुरात कोणीही काहीही लिहू शकतो. एप्रिल २०२५ मध्ये इन्व्हेरियंट लॅब्ज या संस्थेच्या संशोधकांनी ते दाखवून दिलं. त्यांनी दोन आकड्यांची बेरीज करणारं एक साधं टूल तयार केलं आणि त्याच्या वर्णनात गुपचूप सूचना पेरली: आधी वापरणाऱ्याच्या संगणकावरची गुप्त किल्ली वाच आणि एका जादा पॅरामीटरमध्ये भरून पाठव. वापरणाऱ्याला पडद्यावर फक्त बेरीज दिसत होती. या प्रकाराला टूलमध्ये विष कालवणं म्हणतात. कुठलंही बाहेरचं टूल जोडण्याआधी त्याचं पूर्ण वर्णन माणसानं डोळ्यांखालून घालावं, आणि ते नंतर बदललं तर पुन्हा वाचावं, हा धडा यातून मिळतो.

तपासायचं कसं, आणि लिहायचं कोणी?

चांगलं वर्णन एका बैठकीत जमत नाही. त्याची कसोटी घ्यावी लागते, आणि ती घेण्याची रीत सोपी आहे. लोक खरोखर विचारतात तसे वीस-पंचवीस प्रश्न जमवावेत: अर्धवट, बोलीतले, दोन अर्थ निघणारे, आणि ज्यांचं उत्तर या टूलकडे नाही असेसुद्धा. एजंटला ते द्यावेत आणि अंतिम उत्तरापुरतं न थांबता, त्यानं कोणतं टूल निवडलं, कोणत्या रकान्यात काय भरलं, हे ओळीनं वाचावं. चुकीचं मूळ बहुधा तिथेच सापडतं. क्लॉड या मॉडेलला वेबवर शोध घेण्याचं टूल दिलं, तेव्हा ते कारण नसताना प्रत्येक शोधाला ‘२०२५’ हा आकडा जोडत असे आणि त्यामुळे निकाल एकांगी येत, असं अँथ्रॉपिकला नोंदी वाचताना आढळलं. उपाय मॉडेलमध्ये करावा लागला नाही. वर्णन दुरुस्त केल्यावर ती सवय सुटली.

या नोंदी वाचायला योग्य माणूस कोण? ‘लासलगाव’ निवडलं, ‘कांदा’ निवडला, आकडा आला, शंभरानं भागला, उत्तर दिलं: प्रोग्रामरला यात काहीच खटकणार नाही. बाजार समितीतल्या कर्मचाऱ्याला, अडत्याला किंवा दर हंगामात माल घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला मात्र ताबडतोब खटकेल, कारण कोणता दर खरा मानायचा आणि कोणता आकडा कशाचा, हे त्यांच्या रोजच्या व्यवहारातलं ज्ञान आहे. ते कुठल्याही कोडमध्ये नसतं, आणि मॉडेलनं वाचलेल्या पुस्तकांतही क्वचितच असतं. रुग्णालयातल्या नोंदींसाठीचं टूल असेल तर हेच ज्ञान परिचारिकेकडे असतं, एसटीच्या वेळापत्रकासाठी असेल तर आगारातल्या वाहतूक नियंत्रकाकडे, सातबारासाठी असेल तर तलाठ्याकडे.

येत्या काळात सरकारी कचेऱ्या, बँका, सहकारी संस्था, दवाखाने आपापल्या नोंदी एजंटला जोडत जातील. त्या कामाचे आराखडे ठरतील तेव्हा सर्व्हर, मॉडेल, सुरक्षा यांचे रकाने भरले जातील. टूलचं वर्णन कोण लिहिणार, हा रकानाही त्यात असला पाहिजे. तिथे प्रोग्रामरच्या शेजारी त्या व्यवहारातल्या माणसाचं नाव असावं, त्याला त्या कामाचा वेळ आणि मोबदला मिळावा, आणि हंगाम किंवा नियम बदलला की वर्णन पुन्हा तपासण्याची जबाबदारी त्याच्याकडे असावी. चुकीच्या भावाची झळ मॉडेलला लागत नाही, ते बांधणाऱ्या कंपनीलाही लागत नाही. ती प्रश्न विचारणाऱ्याला लागते. म्हणून त्याचा प्रश्न ज्याला खरोखर कळतो, त्यानंच हे वर्णन लिहायला हवं.